बाळासाठी ठेवलेली सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. गाडीच्या मागच्या बाकावर लहान मुलांसाठी घट्ट बांधून ठेवतात, ती. जुनी वस्तू बोलायला लागली की लोकांना वाटतं, आता ही रडणार; मला धूळ खात ठेवलं, मला कुणी विचारत नाही, असलं काहीतरी. मी रडणार नाही. माझी तक्रार बरोबर उलटी आहे. मला फार जपलं. चादरीत गुंडाळून, देवासारखं कोपऱ्यात बसवून जपलं, आणि त्या जपण्यापायी एका तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतणार होतं. मला गोड बोलता येत नाही. जे घडलं ते सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं, ते थंड झाल्यावर माझी पाठ आणि कुशी तयार झाल्या. मग फोम भरला, पट्टे ओवले, बकल बसवलं, राखाडी कापडाचं कव्हर चढवलं. माझ्याबरोबर तयार झालेली एक बहीण मात्र दुकानात गेलीच नाही. तिच्यात एक बाहुली बसवली, तिला रुळांवरच्या पाटावर बांधलं, पाट जोरात सोडला आणि एकदम थांबवला. बाहुली शाबूत राहिली. बहीणही वरून शाबूतच दिसत होती. पण तिचे पट्टे ताणले गेले होते, तिचं अंग आतून खचलं होतं, आणि तिला त्याच दिवशी मोडीत काढलं. कुणी हळहळलं नाही. हळहळायचं काय त्यात? आमचं कामच असं आहे. वर्षानुवर्षं नुसतं बसल्यासारखं दिसायचं, एकदाच मार खायचा, पोराला जागच्या जागी धरून ठेवायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या वेळेसाठी आमच्यात काही शिल्लक नसतं. हे आमच्या अंगावरच्या लेबलवर छापलेलंही असतं. पण लेबल वाचतो कोण.

मला मुम्मूनं विकत घेतलं. मुम्मू म्हणजे आजी. थंडर बे या आमच्या गावातल्या फिनिश घरांत आजीला अशीच हाक मारतात. तिची मुलगी काइसा तेव्हा पहिल्यांदा गरोदर होती. जावई वेस टायरच्या दुकानात कामाला. हात मोठे, मन मऊ, आणि आपल्या हाताला सगळं जमतं असा ठाम समज. त्यानं मला पहिल्यांदा व्हॅनमध्ये बसवलं तेव्हा पुढच्या बाकावर काइसा पुस्तिका घेऊन बसली होती.

"वेस, यात लिहिलंय, सीट बोटभरसुद्धा हलता कामा नये."

"नाही हलत."

"मी ढकलली तर हलतेय."

"मग तू ढकलू नकोस."

"बाळाला काय सांगू? नीट बस, बाबाला वाईट वाटेल?"

वेसनं गुडघा माझ्या पोटात रोवला, सगळं वजन टाकलं आणि पट्टा ओढला. मग मी हलले नाही. त्या दिवशी मला तो माणूस आवडला, हे खरं आहे. मी कुणाचं खरं लपवत नाही.

मुलगी झाली. इल्मा. बाहेर बर्फ कोसळत होतं आणि मुम्मूनं नातीला लोकरीत इतकं कोंबलं होतं की नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. दवाखान्यातली नर्स माझ्याजवळ आली, पट्ट्याखाली हात घालून बघितला आणि म्हणाली, "हे सगळं काढा. जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कापड दबतं आणि पोर पट्ट्यातून निसटतं. पातळ कपड्यात बसवा, पट्टा घाला, पांघरूण वरून."

मुम्मूला हे अजिबात पटलं नाही. "आम्ही पोरांना बटाट्याच्या टोपलीत घालून घरी आणलं. एकही पडलं नाही."

"आई, मी पडले होते. तूच सांगतेस."

"तू वाकून बघत होतीस. मग पडणारच."

नर्स हसली नाही. लोकर काढून घेतली, पट्टा घट्ट केला, पांघरूण वरून घातलं, आणि मग सोडलं. वेसनं घरापर्यंत गाडी इतकी हळू चालवली की मागून येणारी बर्फ ढकलणारी गाडीसुद्धा कंटाळून बाजूनं निघून गेली.

नंतरची वर्षं मी नोकरी केली, मित्रांनो, आणि चोख केली. इल्मा आधी माझ्यात मागं तोंड करून बसायची, मोठी झाल्यावर पुढं. माझ्या फटींत बिस्किटांचा चुरा साचला. माझ्या कव्हरावर तिनं उलटी केली, दूध सांडलं, एकदा हातमोज्यात भरून आणलेला बेडूक सोडला. काइसा मला घासून धुवायची आणि धुताना पुटपुटायची. मला त्याचं काही वाटलं नाही. गाडीत सगळ्यात महत्त्वाची जागा माझी होती आणि ते मला माहीत होतं. पुढं बसलेल्यांना गाडी चालवायची असते. जे न्यायचं असतं ते माझ्याकडे असतं.

रोज सकाळी बालवाडीला जाताना गाडी वळणावर आली की खाली तळं दिसायचं आणि तळ्यापलीकडे आडवा पडलेला दगडी राक्षस. तो डोंगरच आहे, पण झोपलेल्या माणसासारखा दिसतो म्हणून सगळं गाव त्याला राक्षस म्हणतं. इल्मा काचेला नाक लावून त्याला विचारायची, "उठलास का?" तो कधी उठायचा नाही. ती म्हणायची, "झोप मग, मी जाऊन येते." असं ते रोजचं.

मग काइसाला दुसऱ्यांदा दिवस गेले. या वेळी गाडी सुरू झाली की तिला मळमळायचं. वेस गाडी कडेला घ्यायचा आणि ती दार उघडून वाकायची. एकदा इल्मा मागून बराच वेळ बघत बसली. मग काळजीनं म्हणाली, "आई, तुला बाळ आवडत नाही का?"

"आवडतं गं. का?"

"मग बाहेर का टाकतेस?"

काइसा तशा अवस्थेतही हसायला लागली. "ते बाळ नाही, पिल्लू. ती सकाळची लापशी आहे."

"बघून टाकत जा," इल्मा म्हणाली.

त्याच प्रवासात कधीतरी माझं ठरलं. काइसा मागं वळून म्हणाली, "इल्मा याच सीटमधून घरी आली. बाळही याच सीटमधून येईल." माझ्यावर छापलेली मुदत अजून उरली होती, पट्टे धड होते, तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. मला अभिमान वाटला. इल्मालाही वाटला, हे नीट ध्यानात ठेवा. ती माझ्या हातावर थोपटून मला म्हणाली, "तू आता बाळाची. पण डावा कप्पा माझाच, त्यात माझे दगड आहेत." मुम्मूनं तिला बिनपाठीची उंच बैठक आणून दिली, मोठ्या मुलांची. हिवाळा लागला की ती त्यावर बसणार होती. पोरगी दिमाखात मिरवत होती. रुसवा नाही, फुगवा नाही.

आता टायरचं सांगते. आमच्याकडे थंडी पडायच्या आधी सगळं गाव बर्फाचे टायर घालून घेतं. वेसच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागते. तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लोकांचे टायर बदलायचा आणि घरी यायचा आमच्या गाडीला उन्हाळ्याचे गुळगुळीत टायर ठेवून.

"गावाला टायर घालतोस," काइसा म्हणायची, "आपल्याला कधी?"

"रविवारी."

रविवारी तो हरणाच्या शिकारीला गेला. पुढच्या रविवारी सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चिमणी दुरुस्त करत बसला. काइसानं विचारलं की म्हणायचा, "मला शिकवतेस का टायर?" माणसाला जे काम उत्तम येतं, त्यातच त्याला बोललेलं सहन होत नाही. टायर परसात एकावर एक रचून पडले होते. इल्मा त्यांच्यात उतरून खेळायची.

एका सकाळी पाऊस पडून जागच्या जागी गोठला. रस्ता काचेसारखा. तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर वेसनं ब्रेक दाबला आणि गाडीनं तो ऐकला नाही. ती आडवी झाली, सरळ झाली, घसरत खाली गेली आणि दिव्याच्या खांबावर समोरून आदळली. आवाज फार मोठा नव्हता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किरकोळ आहे.

आतून किरकोळ नव्हतं. इल्माचं सगळं वजन एका झटक्यात पुढं आलं. मी जन्मल्यापासून ज्या क्षणासाठी बसून होते तो हाच, हे मला कळलं. पट्टे ताठ झाले, मी तिला छातीशी आणि खांद्यांशी पकडलं आणि सोडलं नाही. माझ्या पाठीत, जिथून गाडीचा पट्टा जातो तिथं, अगदी आत, कट् असा आवाज झाला. एक चीर गेली. ती अशा जागी होती की कव्हर काढलं, फोम काढला, तरी कुणाच्या डोळ्याला दिसली नसती. इल्माला ओरखडासुद्धा आला नाही. मी माझं काम केलं होतं. त्या क्षणी मी संपले होते, आणि मला त्याचं तसूभरही दुःख नव्हतं.

वेसनं मागचं दार उघडलं.  "कुठं दुखतंय? राणी, बोल, कुठं दुखतंय?"

इल्मा थोडं रडली, मग म्हणाली, "मला नाही. हिला लागलं. ती कट् म्हणाली."

"सीटला लागत नाही."

"लागलं. मी पाठीनं ऐकलं."

वेसनं तिला उचलून घेतलं, तिचे हातपाय चाचपले, खांद्यात तोंड खुपसून उभा राहिला. तिथवर सगळं ठीक होतं. मग तो तिला बेकरीत घेऊन गेला, गुलाबी साखरेचा थर दिलेला मोठा बन घेऊन दिला, आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "हे आईला सांगायचं नाही, हं. बाळ तिच्या पोटात आहे ना, ते घाबरेल."

"बाळाला ऐकू येतं?"

"सगळं ऐकू येतं."

"मग नाही सांगणार," इल्मा म्हणाली. तिच्या हनुवटीला गुलाबी साखर लागली होती.

त्याच दुपारी त्यानं दुकानात बंपर सरळ केला, दिवा बदलला आणि बर्फाचे टायरही घातले. घरी जाऊन काइसाला सांगितलं, "दुकानासमोर गाडी उभी होती, कुणीतरी ठोकून गेलं."

"आणि थांबलासुद्धा नाही?" काइसा म्हणाली. "काय माणसं असतात."

"हो ना," वेस म्हणाला.

वेस वाईट माणूस नाही. चीड येते ती म्हणूनच. वाईट माणसापासून बायको सावध राहते, पोरं लांब राहतात. चांगला माणूस लाजेखातर खोटं बोलतो तेव्हा सगळं घर त्या खोट्यावर भरवसा ठेवून चालतं. त्याला कळत नव्हतं असंही नाही. एकदा मार खाल्लेला टायर तो गिऱ्हाइकाला परत घालू देत नसे. त्यावरून त्यानं लोकांशी भांडणं केली आहेत. पण माझ्याबद्दल तोंड उघडायचं म्हणजे उतार, खांब, टायर, सगळंच बाहेर येणार. म्हणून तो स्वतःची समजूत घालत राहिला, हळूच तर लागलं होतं.

थोड्याच दिवसांत इल्मा उंच बैठकीवर गेली. काइसानं मला धुतलं, वाळवलं, धुवट चादरीत गुंडाळलं आणि दाराशेजारी बूट काढायच्या खोलीत बाकाखाली ठेवलं. येता-जाता ती चादरीवरून हात फिरवायची. मी आत बसून चडफडत होते. बाई, मी मेलेली आहे. माझ्यावरून हात काय फिरवतेस.

मला बोलता येत नव्हतं. इल्माला येत होतं, पण तिचं तोंड बांधलेलं. तिनं जे करता येईल ते केलं. एक दिवस ती औषधांचा डबा घेऊन आली, चादर सोडली आणि माझ्या पाठीवर ओळीनं चिकटवायची बँडेजं लावली. काइसाला फार गोड वाटलं. तिनं मुम्मूला बोलावून दाखवलं.

"इल्मा, सीटला काय झालंय?"

"लागलंय. बाळाला हिच्यात बसवायचं नाही."

काइसाचा चेहरा बदलला. "का गं?"

इल्मानं माझ्या पाठीवर आणखी एक बँडेज चिकटवलं.

"तुझी सीट बाळाला दिली म्हणून राग आला का?"

"नाही."

"मग?"

इल्मानं डबा उचलला आणि निघून गेली.

झालं. तेवढ्यावर घरानं निकाल देऊन टाकला. बालवाडीच्या बाईंनी काइसाला समजावलं की नवं भावंड येणार म्हटलं की मोठ्या मुलाला आपली जागा जाईल अशी भीती वाटते, त्यात नवल नाही. काइसानं मग सगळे उपाय केले. इल्माच्या बाहुलीला माझ्यात बसवून खेळ मांडला. इल्मानं बाहुली काढून घेतली. 'मोठी ताई' असं लिहिलेला सदरा आणला. इल्मानं तो घातला, तो घालूनच माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तरी नाही." काइसा दर आठवड्याला तिला एकटीला घेऊन पोहायला जाऊ लागली. ते इल्माला आवडलं. परत आल्यावर विचारलं, "आता देशील ना बाळाला सीट?" ती म्हणाली, "नाही."

कुणालाही हे आठवलं नाही की हीच पोरगी आधी मला आनंदानं देऊन बसली होती. मत्सर असता तर तेव्हाच नसता का झाला? मोठ्यांना मुलांबद्दलची एक समजूत सापडली की ती त्यांना इतकी आवडते की मूल बिचारं दिसतच नाही.

शनिवारी सौना झाला की सगळे स्वयंपाकघरात कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव घेऊन बसायचे. मला बाकाखालून सगळं ऐकू यायचं.

"मत्सर आहे, दुसरं काही नाही," मुम्मू म्हणाली. "तुझा भाऊ झाला तेव्हा तू त्याला शेजाऱ्यांना देऊन आली होतीस."

"मी दाखवायला नेलं होतं."

"तू त्यांना म्हणालीस, ठेवून घ्या."

"आई, इल्माचं तसं वाटत नाही मला. ती रागावलेली नाहीये. ती…" काइसा थांबली. "ती घाबरल्यासारखी दिसते."

"मुलं घाबरतात. तूही घाबरायचीस. वेस, तुला काय वाटतं?"

वेस कॉफी ढवळत होता. तो कॉफीत साखर घेत नाही, दूधही घेत नाही. "होईल ठीक," तो म्हणाला.

दिवस भरत आले. काइसाला स्वतःचे बूट घालता येईनात. मुम्मू गुडघ्यावर बसून नाड्या बांधायची आणि इल्मा गाठी तपासायची. एका स्वच्छ उन्हाच्या दुपारी काइसा म्हणाली, "वेस, आज सीट बसव. आता कधीही निघावं लागेल." वेसनं मला बाकाखालून ओढलं. चादर सोडली. त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, हे मी शपथेवर सांगते. मग मला उचलून व्हॅनमध्ये नेलं, मागं तोंड करून ठेवलं आणि पट्टा ओवायला लागला.

इल्मा धावत आली. एका पायात बूट, एका पायात मोजा. ती वेसच्या हाताखालून आत घुसली, माझ्यात चढून बसली, पट्टे खांद्यांवर ओढले आणि बकल लावलं. मी तिला आता लहान पडत होते. तिचे गुडघे हनुवटीला टेकले.

"उतर, राणी," वेस म्हणाला.

"नाही."

काइसा पाठीला हात लावून पायऱ्या उतरत आली. मागून मुम्मू. "इल्मा, बाहेर थंडी आहे. उतर."

"नाही उतरणार."

"आता पुरे झालं. तुला नवीन दिली ना? ही बाळाची आहे."

"बाळाची नाही. कुणाचीच नाही."

"कुणाचीच नाही म्हणजे?"

इल्मानं वेसकडे बघितलं. वेस हातातल्या पट्ट्याकडे बघत होता.  मग पोरीनं विचारलं, "आई, बाळ आत्ता झोपलंय का?"

"काय?"

"बाळ. झोपलंय का जागं आहे?"

 काइसानं पोटावर हात ठेवला. "झोपलंय वाटतं. हलत नाहीये. का?"

"झोपलं असेल तर सांगते. हळू सांगते. जागं असेल तर ते घाबरेल."

 इल्मानं पुढं वाकून, अगदी बारीक आवाजात सुरुवात केली, "टायर नव्हते आणि…"

"थांब," वेस म्हणाला. त्यानं हातातला पट्टा सोडून दिला. "तू नको. मी सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. उतार, बर्फ, खांब, बंपर, बन. मध्ये थांबला नाही, सबबी दिल्या नाहीत. शेवटी म्हणाला, "मीच तिला सांगितलं होतं की बाळ घाबरेल."

काइसा ओरडली असती तर वेसला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. "टायरचं मी विसरेन," ती म्हणाली. "खांबाचंही विसरेन. पण मी इतके दिवस माझ्या पोरीला मत्सरी समजत होते आणि तू समोर बसून कॉफी ढवळत होतास."

"हळूच लागलं होतं, काइसा. मी रोज स्वतःला तेच सांगत होतो."

"लागलं तेव्हा सीट 'कट्' म्हणाली," इल्मा म्हणाली. आता तिचा आवाज मोठा झाला होता. "मी पाठीनं ऐकलं."

वेसनं इल्माला उतरवलं, मला बाहेर काढून उन्हात ठेवलं. कव्हर काढलं, फोम काढला, मला उलटं केलं, बोटांनी सगळीकडे चाचपलं. टायरवरची बारीकशी चीर शोधणारा माणूस तो. त्यानं नीट शोधलं, हे मला मान्य आहे. शेवटी वर बघून म्हणाला, "काही दिसत नाही. खरंच काही नाही."

मित्रांनो, इथंच सगळं फिसकटणार होतं. मी शाबूत दिसत होते. स्वच्छ, धुतलेली, सगळ्यांच्या लाडाची. माझ्या बाजूनं आठवणी होत्या, मोठ्या माणसाची अनुभवी बोटं होती. माझ्या विरुद्ध फक्त एका चार वर्षांच्या पोरीची पाठ होती.

काइसानं माझ्याकडे बघितलं नाही. ती इल्माकडे बघत होती. "तू नक्की ऐकलंस?"

"हो."

"बरं," काइसा म्हणाली. "आई, कात्री आण."

मुम्मू हळहळली. "अगं, काहीच दिसत नाही तर कशाला… इतकी चांगली आहे. निदान माळ्यावर ठेवू. आठवण म्हणून."

"आठवण म्हणून ठेवली की पुढच्या वर्षी कुणाला तरी देशील तू. मी तुला ओळखते. आण कात्री."

मुम्मूनं शिवणाची मोठी कात्री आणली. काइसाला वाकता येत नव्हतं. तिनं ती वेसच्या हातात दिली. "तू काप."

वेसनं माझे पट्टे कापले. जाड असतात ते, सहजी कापले जात नाहीत. त्याला दोन्ही हात लावावे लागले. इल्मा माझ्याजवळ उकिडवी बसून बघत होती. तिनं विचारलं, "दुखतंय का तिला?"

"नाही," वेस म्हणाला. मग त्यानं कात्री खाली ठेवली. "इल्मा, तू बरोबर होतीस. तुला गप्प बसायला सांगितलं ते माझं चुकलं. पुन्हा मी किंवा कुणीही म्हणालं की आईला सांगू नको, तर पळत जाऊन आईला सांगायचं."

"बाळ जागं असलं तरी?"

"बाळ जागं असलं तरी."

काइसानं जाड काळा मार्कर घेतला, बाकावर बसून मला मांडीला टेकवलं आणि माझ्या उघड्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: अपघात झालेली. घेऊ नका. लिहून झाल्यावर तिनं इल्माला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच. वेस आणि इल्मा लगेच नवी सीट आणायला गेले. मुम्मू घरात जाऊन भांडी आपटत बसली, पण आपटण्यात राग नव्हता.

मला रस्त्याच्या कडेला ठेवलं. आमच्याकडे लोक कडेला ठेवलेल्या वस्तू उचलून नेतात, त्यात कुणाला लाज वाटत नाही आणि वाटूही नये. संध्याकाळच्या आत एक पिकअप येऊन थांबली. त्यातून एक तरुण उतरला. गाडीत त्याची बायको बसली होती, पुढच्या पट्ट्याखाली तिचं पोट गोल दिसत होतं. त्यानं मला उचललं. "बघ, अगदी चांगली आहे," तो म्हणाला. मग त्याच्या हातात माझे तुटके पट्टे लोंबले. त्यानं मला फिरवलं, पाठीवरचं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला होतं तिथं ठेवून दिलं. जाताना त्याची बायको काच खाली करून आमच्या घराकडे बघत गेली.

माझ्यासारख्या सीटची तिच्याइतकी गरज कुणालाच नव्हती, आणि म्हणूनच मला तिच्या हाती लागायचं नव्हतं. मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगते, वस्तूत कोण बसणार आहे ते जपा. मार खाल्लेली सीट कुणाला प्रेमानं देऊ नका, कुणाकडून प्रेमानं घेऊ नका. देणाऱ्याला तोंडावर विचारा, हिला कधी लागलंय का, आणि तो अडखळला तर घेऊ नका, राग आला तर येऊ दे. आणि घरातलं पोर एखाद्या गोष्टीला नको म्हणालं, पुन्हा नको म्हणालं, तर त्याला समजवायला बसू नका. त्याला विचारा आणि गप्प राहा, त्याला बोलायला जितका वेळ लागेल तितका. उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येईल. मी तयार आहे. माझ्यात बसून एक मुलगी मोठी झाली आणि माझ्यात न बसता एक बाळ घरी येणार आहे. दोन्ही कामं माझीच आहेत.